मानेतील धमनीची जाडी आणि अर्धांगवायूचे प्रकार

व्यापारी मनुष्य आपल्या गोदामातील प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवतो. कोणत्या थप्पीला ओल लागली, कोणत्या मालात किडा शिरला, कोणाकडून किती येणे आहे, हे त्याला झोपेतही पाठ असते. परंतु ज्या देहाच्या आधारावर हा सारा व्यवहार चालतो, त्या देहाच्या रक्तवाहिन्यांत काय साचत चालले आहे याची नोंद मात्र कोणत्याच खतावणीत सापडत नाही. एके दिवशी अकस्मात हात लुळा पडतो, जीभ जड होते, आणि मग सारे कुटुंब धावाधाव करू लागते. आपल्या मंडळाच्या परिवारात अशा घटना विरळ राहिलेल्या नाहीत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत बाजारभाव, कर आणि वायदे हे नित्याचे विषय बाजूस ठेवून या विषयावर चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजले आहे.

यास एक तात्कालिक कारणही आहे. अलीकडे अनेक तपासणी केंद्रे ठराविक रकमेत संपूर्ण देहाची तपासणी करून देतात, आणि तीत मानेतील शिरेची सोनोग्राफीही असते. आपले अनेक सभासद तो अहवाल घेऊन आमच्या पेढीवर येतात. त्यावर ‘शून्य पूर्णांक नऊ’ किंवा ‘एक पूर्णांक एक’ असा काही आकडा छापलेला असतो. कोणी तो पाहून भयभीत होतो, तर कोणी आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊन त्याच दिवशी रक्तदाबाची गोळी बंद करतो. दोघांनाही त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नसतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि जन्म गेला ज्वारी, गहू व तूरडाळीच्या व्यापारात. वैद्यकशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा आमचा हक्क नाही. तथापि जाणत्या डॉक्टर मंडळींना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते आपल्या व्यापारी भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अर्धांगवायू म्हणजे काय?

आपल्या उधन्यात या व्याधीला जितक्या भाषा तितकी नावे आहेत. ताप्ती व्हॅलीच्या लोहमार्गाने खानदेशातून इकडे येऊन स्थायिक झालेली आपली मंडळी ‘अर्धांगवायू’ किंवा ‘लकवा’ म्हणतात, गुजराती शेजारी ‘लकवो’ म्हणतात, आणि डॉक्टर ‘पक्षाघात’ किंवा ‘स्ट्रोक’ म्हणतात. नावातील ‘वायू’ या शब्दामुळे पुष्कळांची समजूत अशी होते की अंगावरून वारे गेले, थंडी बाधली, अथवा शिरेत वात भरला. वस्तुतः दोष हातात वा पायात नसून मेंदूत असतो. मेंदूच्या एखाद्या भागाला होणारा रक्ताचा पुरवठा तुटला की त्या भागाच्या ताब्यातील अवयव निकामी होतो. मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे शरीराच्या डाव्या बाजूचा ताबा असल्यामुळे बिघाड एकीकडे आणि लुळेपणा दुसरीकडे, असे दिसते. कानाजवळील मज्जातंतू सुजून केवळ तोंड वाकडे होते, त्यालाही आपल्याकडे लकवाच म्हणतात. तो आजार निराळा आहे; पण हा भेद घरी बसून आपण करू नये, तो डॉक्टरांवर सोपवावा.

पक्षाघाताचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्यात रक्तवाहिनी तुंबते, दुसऱ्यात ती फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. कालव्याचे पाणी गाळाने अडले काय किंवा बांध फुटून वाहून गेले काय, शेत दोन्ही वेळा बुडते. परंतु उपाय मात्र परस्परविरुद्ध असतात. आपल्या लोकांत कोणता वर्ग अधिक आढळतो, याची एक उत्तम नोंद मुंबईत झाली आहे. डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एच वॉर्डातील सुमारे १ लाख ५६ हजार लोकवस्तीची पाहणी केली. त्या काळात ४५६ जणांना आयुष्यातील पहिला पक्षाघात झाला. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ असे ते प्रमाण पडते. त्यांपैकी शेकडा ८० जणांची रक्तवाहिनी तुंबलेली होती आणि शेकडा १८ च्या आसपास लोकांना रक्तस्राव झालेला होता. रुग्णांचे सरासरी वय सुमारे ६६ वर्षे होते, आणि झटका आल्यापासून २८ दिवसांच्या आत शेकडा ३० च्या जवळपास रुग्ण दगावले. मुंबई आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासाच्याही अंतरावर नाही. तेथील रहाणी आणि आपली रहाणी फारशी भिन्न नाही. तेव्हा हे आकडे आपलेच समजून वाचावेत.

मानेतील दोन राजमार्ग

मेंदूचे वजन साऱ्या देहाच्या शेकडा २ इतकेच. परंतु देहाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. हा पुरवठा चार धमन्यांतून होतो. दोन मानेच्या पाठीमागे मणक्यांच्या आधाराने वर चढतात आणि दोन पुढील बाजूस, गळ्याच्या दोन्ही अंगांनी जातात. पुढच्या दोन मोठ्या धमन्यांना डॉक्टर ‘कॅरॉटिड’ म्हणतात. गळ्यापाशी दोन बोटे हळुवार ठेवली असता जी नाडी लागते, ती हीच. हा शब्द ग्रीक भाषेतील असून त्याचा संबंध गुंगी आणण्याशी आहे, कारण ही शीर दाबली असता मनुष्य बेशुद्ध होतो असे प्राचीन काळच्या वैद्यांच्या ध्यानात आले होते. यावरून तिचे महत्त्व कळावे. आणि उगाच ती दाबून पाहू नये हेही कळावे.

जबड्याच्या कोनाच्या जरा खाली या धमनीला फाटा फुटतो. एक शाखा चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. ज्याने शेतातील पाट पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की पाणी सरळ वाहते तेथे गाळ बसत नाही. जेथे फाटा फुटतो आणि पाणी भोवऱ्यासारखे घुटमळते तेथेच तो साचतो. धमनीचेही तसेच आहे. फाट्यापाशी चरबी, चुना आणि पेशी यांचा थर वर्षानुवर्षे चढत जातो. या थरामुळे वाट अरुंद होते. परंतु अधिक मोठा धोका असा की थर चिरला जाऊन त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि तिचा तुकडा निसटून मेंदूत जाऊन अडकतो. मानेतील या रोगाचा आणि पक्षाघाताचा निकट संबंध १९५१ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील डॉ. मिलर फिशर यांनी स्पष्टपणे मांडला. तोपर्यंत मृत्यूनंतर मेंदू तपासला जाई, परंतु मान उघडून धमनी पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नसे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५४ साली, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी मानेतील या धमनीचा रोगट भाग काढून टाकून ती पुन्हा जोडल्याची हकीकत प्रसिद्ध केली.

राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक माप

आता त्या आकड्याकडे वळू. धमनीची भिंत तीन स्तरांची असते. रक्ताला लागून असलेला आतला पातळ स्तर, मधला स्नायूंचा स्तर, आणि बाहेरचे वेष्टण. यांपैकी आतला व मधला स्तर मिळून जी जाडी भरते, ती सोनोग्राफीने मोजता येते. यंत्राच्या पडद्यावर धमनीच्या भिंतीच्या दोन समांतर उजळ रेषा दिसतात, त्यांमधील अंतर म्हणजेच ही जाडी. इटलीतील मिलान शहरी डॉ. पिन्योली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ही मोजणी प्रत्यक्ष धमनीच्या मोजणीशी ताडून पाहिली आणि ती विश्वासार्ह ठरवली. या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाही, वेदना नाही.

ही जाडी एक मिलिमीटरहून कमी असते. राजगिऱ्याचा दाणा घ्यावा. तो साधारण एक मिलिमीटरचा. निरोगी प्रौढाच्या धमनीची भिंत त्याहूनही पातळ, बहुधा अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. वयाबरोबर ती हळूहळू वाढते. युरोपातील रक्तदाबतज्ज्ञांनी २०१३ सालच्या आपल्या मार्गदर्शनात ०.९ मिलिमीटरच्या वरची जाडी ही धमनीला इजा झाल्याची खूण मानली होती. भिंत एखाद्या ठिकाणी १.५ मिलिमीटरहून जाड झाली, किंवा शेजारच्या भिंतीपेक्षा निम्म्याने अधिक फुगली, तर तिला नुसती जाडी न म्हणता ‘प्लाक’, म्हणजे साचलेला थर, म्हणतात. या दोहोंत मोठा फरक आहे. सर्वत्र सारखी वाढलेली जाडी ही पुष्कळदा वय आणि रक्तदाब यांची छाया असते. प्लाक हा मात्र प्रत्यक्ष रोग होय. अहवाल हाती आला की प्रथम हे पाहावे की त्यात नुसती जाडी लिहिली आहे की प्लाक, आणि वाट किती टक्के अरुंद झाली आहे.

आपल्या देशातील एक नोंद येथे देणे अगत्याचे आहे. चेन्नई येथे डॉ. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी लोकवस्तीत ही जाडी मोजली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधुमेह नसलेल्यांची सरासरी जाडी ०.७४ मिलिमीटर, तर मधुमेह्यांची ०.९५ मिलिमीटर भरली. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. परंतु जो काट्यावर दर क्विंटलला दोन किलोची घट सोसत नाही, त्या व्यापाऱ्याला सांगावयास नको की मूळ मापच पाऊण मिलिमीटरचे असता ही वाढ चौथाईहून अधिक आहे.

तुंबण्याचे पाच प्रकार

रक्तवाहिनी तुंबून होणारा पक्षाघात हा एकच आजार नव्हे. १९९३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी त्याचे पाच प्रकार पाडले आणि तेच वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. ते येणेप्रमाणे :

पहिला प्रकार मोठ्या धमनीचा. मानेतील किंवा मेंदूतील मोठ्या धमनीत थर साचून वाट अरुंद होते, अथवा तेथील गुठळी पुढे जाऊन अडकते. येथे पुष्कळदा मोठा झटका येण्यापूर्वी लहान लहान सूचना मिळतात.

दुसरा प्रकार हृदयातून आलेल्या गुठळीचा. हृदयाची लय बिघडली, किंवा संधिवाताच्या तापाने लहानपणी झडप खराब झाली, तर हृदयात रक्त साकळते आणि त्याची गाठ सरळ मेंदूत जाते. येथे मानेची धमनी आरशासारखी स्वच्छ असूनही झटका येऊ शकतो.

तिसरा प्रकार बारीक वाहिन्यांचा. मेंदूच्या गाभ्यात केसासारख्या सूक्ष्म वाहिन्या असतात. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने त्यांच्या भिंती कठीण होऊन त्या बंद पडतात, आणि मेंदूत दीड सेंटिमीटरहून लहान अशी खळगी पडते. एक खळगी कधी कळतही नाही. परंतु अशा अनेक पडल्या की चालणे अडखळते, स्मृती मंदावते, आणि घरातील माणसे म्हणतात की बाबांचे आता वय झाले.

चौथ्या प्रकारात विरळ कारणे येतात : मानेला इजा होऊन धमनीचा स्तर उकलणे, रक्त गोठण्याचे विकार, रक्तवाहिन्यांची सूज इत्यादी. तरुण माणसाला झटका आला की डॉक्टर ही कारणे विशेषेकरून शोधतात.

पाचवा प्रकार म्हणजे सर्व तपासणी करूनही ज्याचे कारण निश्चित होत नाही तो, किंवा जेथे एकाहून अधिक कारणे एकत्र नांदतात तो.

हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुभाष कौल व सहकाऱ्यांनी एका वर्षातील रुग्णांची या पाच प्रकारांत विभागणी करून ती २००२ साली प्रसिद्ध केली. तीत मोठ्या धमनीचा प्रकार शेकडा ४१, बारीक वाहिन्यांचा १८ आणि हृदयाचा १० असे प्रमाण निघाले. चौथाईहून किंचित अधिक रुग्णांचे कारण अनिश्चित राहिले. म्हणजे आपल्या देशात मोठ्या धमनीच्या रोगाला फार महत्त्व आहे. मात्र आशियातील लोकांत, आणि त्यात आपणही आलो, हा थर मानेपेक्षा कवटीच्या आतील धमन्यांत साचण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळते, आणि मानेच्या सोनोग्राफीला कवटीच्या आतील हा थर दिसत नाही.

जाडी आणि प्रकार यांचा संबंध

आता कोणी विचारील की, जाडीचा आकडा पाहून कोणत्या प्रकारचा झटका येईल हे सांगता येते काय? फ्रान्समध्ये याच प्रश्नाचा शोध घेण्यात आला. मेंदूची वाहिनी तुंबलेले ४७० रुग्ण आणि तितक्याच सुमाराचे पक्षाघात न झालेले लोक यांची मोजणी करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांची सरासरी जाडी सुमारे ०.८० मिलिमीटर आणि इतरांची सुमारे ०.७४ मिलिमीटर निघाली. विशेष हे की, ही वाढ केवळ मोठ्या धमनीच्या रुग्णांतच नव्हे, तर पक्षाघाताच्या इतर मुख्य प्रकारांतही दिसली. याचा अर्थ उघड आहे. मानेतील जाडी हे सर्वच प्रकारांचे थेट कारण नव्हे; ती साऱ्या देहातील रक्तवाहिन्यांची अवस्था सांगणारी खूण आहे. पोत्यात बांबी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढावेत आणि त्यावरून सबंध पोत्याची पारख करावी, तसा हा नमुना आहे. ज्या रक्तदाबाने आणि साखरेने ही भिंत जाड केली, त्यांनीच मेंदूतील बारीक वाहिन्या कठीण केल्या आणि हृदयावरही ताण आणला.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील सुमारे साडेचार हजार लोकांना सहा वर्षांहून अधिक काळ पाहिले असता, सर्वाधिक जाडी असलेल्या पाचव्या हिश्शातील लोकांना हृदयविकार वा पक्षाघात होण्याचे प्रमाण, सर्वांत पातळ भिंतीच्या हिश्शापेक्षा तिप्पट ते चौपट भरले. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि मग ही तपासणी सर्वत्र होऊ लागली.

परंतु नमुना पाहून पारख करणारा जाणता व्यापारी एक प्रश्न अवश्य विचारतो : या नमुन्याने मला नवे काय कळले? जो भाव मला आधीच ठाऊक आहे, तोच पुन्हा सांगण्यासाठी मी दलाली का द्यावी? वैद्यकशास्त्रानेही हाच प्रश्न विचारला. २०१२ साली १४ लोकसमूहांतील ४५,८२८ लोकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि धूम्रपान यांवरून धोक्याचा जो अंदाज येतो, त्यात जाडीचा आकडा मिळवल्याने अगदी अल्प सुधारणा होते, असे दिसून आले. पुढील वर्षी, २०१३ साली, अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थांनी सरसकट सर्वांची ही जाडी मोजू नये असे मार्गदर्शन केले. तसेच ज्यांना कोणतेही लक्षण नाही अशा सर्वसामान्य प्रौढांची मानेची धमनी अरुंद झाली आहे काय हे शोधत बसू नये, अशी तेथील प्रतिबंधक वैद्यकाच्या सरकारनियुक्त मंडळाची शिफारस आहे व ती २०२१ साली पुन्हा कायम करण्यात आली.

याचा अर्थ ही तपासणी निरर्थक आहे असा कोणी घेऊ नये. ज्याला एकदा झटका आला, अथवा क्षणिक झटक्याची सूचना मिळाली, त्याच्यासाठी मानेच्या धमनीची तपासणी अत्यावश्यक आहे, आणि तीही त्वरित. १९९१ साली उत्तर अमेरिकेत सिद्ध झाले की, लक्षण दिसलेल्या बाजूची धमनी शेकडा ७० ते ९९ अरुंद असेल, तर केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी शेकडा २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण शेकडा ९ वर आले. तेव्हा तपासणी कोणाची आणि केव्हा करावयाची, हाच खरा विवेक आहे.

क्षणिक झटका : फिरून येणारा तगादा

येथे एका गोष्टीविषयी विशेष कळकळीने लिहितो. बाजारातील एका स्नेह्याच्या हातातून बिल लिहिता लिहिता लेखणी गळून पडली आणि शब्द तोंडात घोटाळले. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. भोवतालच्यांनी पाणी पाजले, उन्हाचा त्रास म्हणून समजूत घातली, आणि सौदे पुढे चालू राहिले. सुदैवाने घरच्या सुनेने हट्ट धरून त्याच सायंकाळी त्यांना रुग्णालयात नेले. पुष्कळांच्या वाट्याला असे सुदैव येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अशा १,७०७ रुग्णांचा मागोवा घेतला असता ९० दिवसांत शेकडा १० हून अधिक जणांना खरा पक्षाघात झाला, आणि त्यांपैकी निम्म्यांना तो पहिल्या दोनच दिवसांत झाला. ही नोंद २००० सालची आहे. बरा झाला म्हणजे टळला असे नव्हे. सावकार एकदा दारावरून परत गेला म्हणजे कर्ज फिटले असे आपण मानीत नाही.

झटका आला असता काय करावे

चार गोष्टी घरातील लहानथोरांनी पाठ कराव्यात : चेहरा, हात, वाणी आणि वेळ. हसावयास सांगितले असता चेहरा एका बाजूस ओघळतो काय? दोन्ही हात वर उचलले असता एक खाली येतो काय? साधे वाक्य बोलताना जीभ अडखळते काय? यांपैकी एक जरी आढळले, तरी घड्याळ पाहावे आणि रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. वेळेची नोंद ठेवण्याची सवय आपल्यास आहेच. येथे तिच्यावर प्राण अवलंबून असतो. मोठी धमनी तुंबली असता दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडण्यात आला आहे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपयुक्त असल्याचे १९९५ साली प्रथम सिद्ध झाले. आरंभी त्याची मुदत तीन तासांची होती, ती २००८ च्या अभ्यासानंतर साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी धमनी तुंबली असल्यास बारीक नळी घालून गुठळी बाहेर ओढून काढण्याचा उपाय २०१५ साली सिद्ध झाला, आणि निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही करता येतो असे २०१८ साली दिसून आले. परंतु यांपैकी काहीही करण्यापूर्वी सी.टी. स्कॅन आवश्यक आहे, कारण रक्तस्राव असताना हेच औषध प्राणघातक ठरते. याच कारणास्तव घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. पाणी, दूध वा काढा पाजू नये, तो श्वासनलिकेत जातो. तेल चोळण्यात, मंत्रलेल्या दोऱ्यात वा गावाकडील औषधाच्या शोधात एक घटकाही दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातेत २००७ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे, तिला बोलवावे. आपल्या घरापासून जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रंदिवस सी.टी. स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळते, याची चौकशी प्रत्येक कुटुंबाने आजच करून ठेवावी. आग लागल्यावर विहीर खणू नये.

आपल्या रहाणीविषयी

आपण शाकाहारी आहोत, आपणास ही व्याधी होत नाही, असे पुष्कळजण म्हणतात. हा भ्रम आहे. आपल्या ताटात पापड, लोणचे, खाखरा, फरसाण आणि शेव असते. त्यातून मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. गादीवर बसून सकाळपासून रात्रीपर्यंत हिशेब करणारा मनुष्य दिवसात हजार पावलेही चालत नाही. तंबाखू, मावा आणि विडी यांनी आपल्या तरुणांत आणि कामगारांत शिरकाव केला आहेच. शिवाय शाकाहाऱ्यांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव फार असते. पुण्यातील लोकांच्या अभ्यासात डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००१ साली ती दाखवून दिली. या उणिवेने रक्तातील होमोसिस्टीन नामक द्रव्य वाढते, आणि त्याचा रक्तवाहिन्यांच्या रोगाशी संबंध जोडला गेला आहे. साध्या रक्ततपासणीने ती उणीव कळते.

तपश्चर्येविषयी आदरपूर्वक एक सूचना करतो. पर्युषणात अठ्ठाई करणारे, वर्षीतप करणारे आणि नित्य चौविहार पाळणारे अनेक वडीलधारे रक्तदाबाचे व मधुमेहाचे रुग्ण आहेत. व्रत सुरू झाले की ते औषध परस्पर बंद करतात. तसे करू नये. व्रतापूर्वी डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वी बसवून घेता येते, मात्रा बदलता येते. आणि ज्याच्या प्रकृतीस उपवास झेपणार नाही त्याने महाराजसाहेबांना खरी स्थिती सांगून मार्गदर्शन घ्यावे.

मंडळापुढे आमची सूचना

२०१० साली २२ देशांच्या, ज्यांत आपला देशही होता, एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की, पक्षाघाताच्या धोक्यापैकी शेकडा ९० च्या आसपास भाग दहा कारणांत सामावतो. आणि त्यांत अग्रस्थान रक्तदाबाचे आहे. वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरला तर पक्षाघात सुमारे चौथाईने कमी होतो, असे २०१६ साली अनेक चाचण्या एकत्र पाहून सिद्ध झाले.

म्हणून आरोग्य शिबिराचा विषय कार्यकारिणीपुढे येईल तेव्हा आमचे म्हणणे असे राहील. सर्वांच्या मानेची सोनोग्राफी करण्यावर निधी खर्च करू नये. तेवढ्याच रकमेत रक्तदाबाची चांगली यंत्रे घेऊन ती कार्यालयात आणि बाजाराच्या प्रत्येक गल्लीत एका पेढीवर ठेवावीत. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल पाहावे, आणि मनगटाची नाडी नियमित आहे की नाही हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण हृदयाच्या बिघडलेल्या लयीचा सुगावा तेथेच लागतो. ज्याचा रक्तदाब १४० वर ९० या मर्यादेच्या पुढे वारंवार आढळेल, त्याचे नाव वहीत नोंदून दर महिन्यास पाठपुरावा करावा. सोनोग्राफीचा खर्च, ज्यांना डॉक्टर लिहून देतील आणि ज्यांना तो झेपणार नाही, त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

आणि या वहीत केवळ शेठजींची नावे नसावीत. पाठीवर पोती वाहणारा हमाल, गुमास्ता, मुनीम, गाडीवाला, आणि साऱ्यांचे जेवण झाल्यावर जेवणाऱ्या आपल्या घरच्या माताभगिनी, या सर्वांची नावे त्यात यावीत. कमावता हमाल लुळा पडला की त्याच्या घरची चूल दुसऱ्या दिवशीच विझते.

धमनीची भिंत एका दिवसात जाड होत नाही आणि एका दिवसात पातळही होत नाही. व्याज चढते तशी ती चढते, आणि नियमाने हप्ता भरला तर चढणे थांबते. हा हप्ता म्हणजे गोळी वेळेवर घेणे, मीठ कमी करणे, रोज अर्धा तास चालणे आणि तंबाखूला दूर ठेवणे. आमच्या या अल्पशा लेखाने मंडळातील एका जरी घरी रक्तदाबाची विसरलेली गोळी पुन्हा सुरू झाली, तरी आमचे श्रम सफळ झाले असे आम्ही समजू. सर्व सभासद व त्यांच्या परिवारास नूतन वर्षी उत्तम आरोग्य लाभो, ही जिनेश्वर चरणी प्रार्थना. जय जिनेंद्र.